सव्विसावा धूर

चोलोक-बुलाक
२० सप्टेंबर २००४

जोलचू बायके,

थोरला भाऊ म्हणून तुम्हाला आणि वहिनी म्हणून जेंगेला सलाम. टेलिफोनच्या तारा पुन्हा चोरीला गेल्या. तांबं विकतात. पोस्टातली बाई म्हणते, वसंतापर्यंत आशा नको. म्हणून हे पत्र नारिनला जाणाऱ्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो बिश्केकला तुमच्या बसवाल्याकडे देईल. पोचायला तीन आठवडे धरा.

गवत कापून झालं. बाबांचं गवत माझ्या नवऱ्याने कापलं, रचलं मात्र बाबांनीच. कुणाला हात लावू दिला नाही. गुडघा सुजलेला आहे, खोकला आहे, पण विचारलं की म्हणतात, "माझं विचारू नकोस, घोडीचं विचार." घोडी गाभण आहे. तिच्याशी दिवसभर बोलतात.

काल शाळेमागे पाणी समितीची बैठक झाली. हिवाळ्याची यादी वाचली. अठ्ठावन्न धूर झाले या वर्षी, दोन घरं नवीन. त्या दोघांसाठी तुमचे नियम पुन्हा मोठ्याने वाचले. ज्याच्या दाराशी पहार, उद्याचा दिवस त्याचा. वर झऱ्याच्या टाकीपाशी जायचं, जाळीवरचा बर्फ फोडायचा, अंधाराच्या आत पहार पुढच्या दाराशी टेकवायची. पहार आली नाही तर पुढच्या घराने शोधायला निघायचं. बदली माणूस चालणार नाही. सूट कुणाला नाही.

सादिर अके नेहमीप्रमाणे मागून बोलले, "नळावर बाई बसवली की पाणी लाजून गोठतं."

मी म्हटलं, "मागच्या वर्षी तुमच्या दिवशी गोठलं ते लाजून नाही, तुम्ही उशिरा उठलात म्हणून."

सगळे हसले. तेही हसले. मग म्हणाले, "बरं, अध्यक्षबाई, एक सांगा. सव्विसाव्या धुराचं काय करणार?"

सव्विसावा धूर आपल्या बाबांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर पाळी येईल. ते चौऱ्याहत्तरचे झाले. मागच्या हिवाळ्यात गेले होते, पण तेव्हा गुडघा असा नव्हता. तुमच्या घरात दुसरं कुणी नाही. मी दिलेली मुलगी, माझा धूर वेगळा, सव्वीसच्या नावावर मी जाऊ शकत नाही. नियम तुमचाच आहे.

त्यांचं नाव यादीतून काढू का? मी काढलं तर म्हणतील, बापासाठी काढलं. तुम्ही एक शब्द लिहिलात तर तो तुमचा शब्द होईल. तुमच्या शब्दाला अजून इथे वजन आहे.

यादी चौदा ऑक्टोबरपासून सुरू. त्याआधी किंवा निदान पाळी यायच्या आधी उत्तर पाठवा.

बुरुल


येकातेरिनबुर्ग
९ ऑक्टोबर २००४

बुरुल,

पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. मी भाजीबाजारात गोण्या उतरवतो, तुझी जेंगे त्याच बाजारात चहा विकते. एका खोलीत नऊ जण राहतो. दोन जण रात्रपाळीचे, त्यामुळे सातच म्हणायचे.

नाव काढू नकोस.

तुला आठवत असेल, पाइप टाकायला आलेले लोक दोन उन्हाळ्यांनी निघून गेले. जाताना म्हणाले, आता हे तुमचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी पहार उचलून पहिल्यांदा कुठे नेली? बाबांच्या दाराशी. मुद्दाम. अध्यक्षाच्या बापापासून सुरुवात केली म्हणून बाकीच्यांनी घेतली. शेजारच्या गावात काय झालं ते तुला माहीत आहे. आधी मुख्याध्यापकाला सूट दिली, मग दुकानदाराला, मग ज्याला त्याला पाठदुखी. फेब्रुवारीत त्यांचा पाइप फुटला. आज त्यांच्या बायका पुन्हा नदीवर जातात.

आई नदीवरच्या बर्फाच्या भोकातून बादली ओढताना पडली, त्यानंतर ती सरळ उभी राहिली नाही. तू लहान होतीस. मी तिला घसरगाडीवर घालून घरी आणलं. बादली तिने सोडली नव्हती. पाइपच्या खड्ड्यात मी खोदत होतो तेव्हा दुसरं काही डोक्यात नव्हतं.

बाबांना हळूहळू जाऊ दे. घोडीवरून जाऊ दे. ते जातील. त्यांना विचारलंस तर तेही हेच सांगतील.

सादिरला सलाम सांग. म्हणावं, लाजणारं पाणी गोठत नाही, लाल होतं.

जोलचू


येकातेरिनबुर्ग
१३ ऑक्टोबर २००४

बुरुल,

चार दिवसांपूर्वीचं पत्र तुला मिळालं असेल किंवा याच्याबरोबरच मिळेल. ते फाड.

आज बाजारात पहिला बर्फ धरला. झाडूवाला म्हातारा पडला. बाबांच्याच वयाचा असेल. पाठीवर पडून राहिला, टोपी बाजूला. लोक त्याला वळसा घालून जात होते. मीही पाठीवर गोणी होती म्हणून वळसा घालून गेलो. गोणी टाकून परत आलो तोवर त्याला कुणीतरी भिंतीला टेकवून बसवलं होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता.

बाबांचं नाव काढ. बैठकीत सांग, जोलचूने सांगितलं आहे, दोष त्याचा. मी वसंतात परत आलो की पुढच्या हिवाळ्यात सव्वीस नंबरच्या दोन्ही पाळ्या मी भरीन, हवं तर चार भरीन. पहार त्यांच्या दाराशी टेकवू नकोस. सादिरच्या दारावरून सरळ पुढच्या दारी जाऊ दे.

त्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

जोलचू


चोलोक-बुलाक
२ नोव्हेंबर २००४

जोलचू बायके,

तुमची दोन्ही पत्रं एकाच ड्रायव्हरने एकाच दिवशी आणून दिली. वरचं आधी वाचलं आणि रात्रभर नवऱ्याशी बोलले नाही. सकाळी खालचं वाचलं. पहिलं फाडलं नाही. त्यात आईबद्दल आहे.

काल बैठक घेतली. मला वाटलं होतं भांडण होईल. मी उभी राहिले, तुमचं नाव घेतलं आणि म्हटलं, सव्विसाव्या धुराला या हिवाळ्यात सूट द्यावी असं जोलचू बायकेंचं म्हणणं आहे. मग सादिर अकेच बाबांबद्दल म्हणाले, "ओमुरकुल अके वर गेले नाहीत म्हणून पाणी खाली यायचं थोडंच थांबणार आहे! काढा." बेइशे म्हणाला, "सादिर अकेंनंतर मी आहे. मी एक दिवस आधी जाईन, मला काय." कालिया, त्याची बायको, म्हणाली, "हा एक दिवस आधी उठेल का ते विचारा." मग हात वर झाले. सगळे.

यादीत सव्वीससमोर मी पेन्सिलीने रेघ मारली. पेनने मारली नाही.

बाबा बैठकीला नव्हते. त्यांना हे सांगायचं माझ्यावर आलं. काल संध्याकाळी कुरुत, वाळवलेल्या दह्याचे गोळे, द्यायला गेले, तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं. ते घोडीचा खूर साफ करत होते. म्हणाले, "आठ तारखेला संध्याकाळी पहार येईल आपल्याकडे. पायतणांना चरबी लावून ठेवली आहे." मी कुरुत त्यांच्यापाशी ठेवलं आणि घरी आले. पहार आली नाही की त्यांना कळेलच. तोंडाने सांगण्यापेक्षा ते बरं.

आता तुम्ही निवांत झोपा. या एका गोष्टीची तरी काळजी संपली.

बुरुल


चोलोक-बुलाक
२४ नोव्हेंबर २००४

जोलचू बायके,

आम्ही सगळे बरे आहोत. थंडी फार आहे. नळ चौदाच्या चौदा चालू आहेत.

बाबांनी सलाम सांगितला आहे. म्हणतात, सांभाळून राहा, थंडीत उघड्यावर काम करू नको.

सूयुन अके तुमच्या शहरातच वीटभट्टीवर आहेत ना. ते तुम्हाला भेटायला येतील. आले की त्यांना बसवून घ्या. त्यांचं ऐकून घ्या. त्या दिवशी कामावर जाऊ नका. जेंगेलाही घरीच राहू द्या.

ड्रायव्हर थांबला आहे.

बुरुल


येकातेरिनबुर्ग
१३ डिसेंबर २००४

बुरुल,

तुझं पत्र मिळालं. एवढंसं पत्र पाठवायला तुला तीन आठवडे लागले!

सूयुन अके येऊन गेले. रविवारी, तिघांना बरोबर घेऊन. माझ्याहून मोठे फक्त सूयुन अकेच, बाकीची पोरंच. दुपारी आले ते दिवे लागेपर्यंत बसले. टोपी काढली नाही. म्हणायला लागले, आपल्या गावाच्या वरच्या अंगाचा मोठा पॉपलर या वर्षी वाऱ्याने गेला. मी म्हटलं, चहा घ्या. त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, एक सरोवर होतं. मी म्हटलं, पुलाव घ्या, निवतोय. मला वाटतं थोडी घेतली होती त्यांनी. डोळे लाल होते. जाताना मला धरून ठेवलं, बराच वेळ. बरोबरची पोरं जमिनीकडे बघत होती.

बाबांसाठी हातमोजे पाठवतो आहे. आतून मेंढीच्या कातड्याचे, कोपरापर्यंत येतात. झाडूवाल्याकडे तसे बघितले होते. म्हणावं, गवत काढताना घाला, जपून ठेवू नका.

पहार दारावरून पुढे गेली तेव्हा ते काय म्हणाले, ते तू लिहिलं नाहीस. रागावले असतील. तुझ्यावर की माझ्यावर? घोडी कशी आहे? मार्चच्या शेवटी व्यायला हवी. तेव्हा मी पोचेन असा प्रयत्न करतो आहे.

जोलचू


चोलोक-बुलाक
३ जानेवारी २००५

जोलचू बायके,

हातमोजे मिळाले. फार चांगले आहेत. ठेवले आहेत.

सूयुन अकेंनी पिऊन यायला नको होतं. मी त्यांना असं सांगितलं नव्हतं.

घोडी आता नाही.

गावात बरं चाललं आहे. मी समितीचं अध्यक्षपद सोडते म्हणून चिठ्ठी लिहून दिली होती. कुणी घेतली नाही. सादिर अकेंनी ती चिठ्ठी घडी करून परत माझ्या खिशात घातली. म्हणाले, "तू गेलीस तर मला करतील. मग खरंच गोठेल."

पहिली फेरी संपली. परवा पहार दुसऱ्यांदा सव्वीसच्या दारी यायची आहे. बेइशे विचारत होता, पेन्सिलीच्या रेघेचं काय करायचं. मी म्हटलं, बघू.

बाबांनी सलाम सांगितला आहे. पत्र आल्यावर ते मला दोनदा वाचायला लावतात.

बुरुल


येकातेरिनबुर्ग
२० जानेवारी २००५

बुरुल,

आता बाबांचा सलाम लिहू नकोस.

सूयुन अके प्यायले नव्हते. मी खोटं लिहिलं. त्यांनी पॉपलरचं नाव घेतलं तेव्हाच मला कळलं. पॉपलर पडल्याची बातमी सांगायला कुणी तिघांना घेऊन, टोपी घालून येतं का? मी चहा ओतला. ते सरोवरावर आले तेव्हा मी पुलाव पुढे केला. असंच करत राहिलो. ते बिचारे तोंड उघडायचे, मी त्यात काहीतरी घालायचो. मरणाची बातमी अशी आडवळणाने सांगायची, हे काम खरं तर अक्साकालांचं, पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांचं. इथे पंचेचाळीशीच्या पुढचा एकही माणूस नाही. कुणाची दाढी पांढरी नाही, म्हणून त्यांनाही तो शेवटचा शब्द उच्चारायचं धाडस झालं नाही, आणि मी तो उच्चारू दिला नाही. ते गेल्यावर तुझी जेंगे म्हणाली, "त्यांना पूर्ण बोलू का नाही दिलंस?" मी म्हटलं, कशाबद्दल? ती उठून बाहेर गेली. जिन्यावर बसून रडली. मी आतून ऐकत होतो आणि दुसऱ्या दिवशी तुला हातमोजे पाठवले.

मला वाटलं, तू लिहिते आहेस ना सलाम. तुझ्या कागदावर आहेत तोवर आहेत.

पण "सांभाळून राहा" हे बाबांनी मला जन्मात कधी म्हटलेलं नाही. मी रशियाला निघालो त्या दिवशी ते म्हणाले, "तिकडचे लोक खुर्चीवर बसतात, पाठ दुखेल." तेवढंच. आणि मग तू लिहिलंस, घोडी आता नाही. आपल्या घरात गाभण घोडी फक्त एकाच कारणासाठी कापतील, मयताच्या जेवणासाठी. तिथे तुला खोटं लिहिता आलं नाही. मी तो शब्द वाचला आणि खोलीतले सगळे उठून बसले. मला वाटलं मी मनात वाचलं होतं.

त्यांना सगळ्यांना नोव्हेंबरपासून माहीत होतं. दोन महिने मला कुणी एकटं सोडलं नाही. बाजारात जाताना बरोबर, येताना बरोबर. मला वाटायचं, पोरं माझा मान ठेवतात.

काल इथल्या लोकांनी मला मधे बसवलं. मी भिंतीकडे तोंड करून रडायचा प्रयत्न केला. शेजारच्या खोलीतल्या रशियन बाईने भिंतीवर ठोकलं.

नाव तर काढलं होतं. पहार दारी आली नव्हती. मग कसं झालं? छातीचं दुखणं होतं का? सगळं लिही. काही गाळू नकोस. मी थोरला आहे, हे मी सांगतो आहे.

जोलचू


चोलोक-बुलाक
८ फेब्रुवारी २००५

जोलचू बायके,

सूयुन अकेंना मीच लिहिलं होतं. मरणाची बातमी आपल्यात कागदावर लिहीत नाहीत, ती लिहिणारी पहिली बाई मला व्हायचं नव्हतं. मला वाटलं ते सांगतील, तुम्ही रडाल, मग मला लिहाल. तुमचं पत्र आलं त्यात हातमोजे होते. मग मला पुढे कसं लिहावं ते कळेना.

आता लिहिते.

आठ नोव्हेंबरला संध्याकाळी सादिर अके जाळी साफ करून खाली आले. ठरल्याप्रमाणे पहार घेऊन बाबांच्या दारावरून पुढे निघाले. बाबा अंगणात उभे होते. पायतणं घालून. त्यांनी विचारलं, "सादिर, माझा धूर दिसत नाही का तुला?"

सादिर अकेंनी मला हे स्वतः सांगितलं, दफनाच्या दिवशी, शोकाच्या तंबूच्या बाहेर उभं राहून. मी आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ते म्हणाले, "मी त्यांना काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, अके, तुमचा धूर रशियाला गेलाय, तुम्ही आत जाऊन ऊब घ्या. मी चेष्टा केली. मी नेहमी चेष्टा करतो."

बाबा हसले म्हणे. म्हणाले, "बरं."

आणि पहार बेइशेच्या दाराशी टेकली.

सकाळी मी उठले तेव्हा ओढ्यापलीकडे बाबांच्या घरातून धूर निघत होता. जाड, काळा. मी नवऱ्याला म्हटलं, आज म्हाताऱ्यांनी चूल चांगली पेटवली, घरात बसले आहेत. मला बरं वाटलं. दुपारीही बघितलं, धूर होता. तिन्हीसांजेला होता. मी गेले नाही. मला त्यांच्या तोंडासमोर जायची लाज वाटत होती. मी आधी सांगितलं नव्हतं ना त्यांना. मनात म्हटलं, आज राग राहू दे, उद्या जाईन.

चुलीत त्यांनी ओलं शेण भरलं होतं. झडप अर्धी लावली होती. दिवसभर धुमसेल आणि धूर दिसत राहील, असं. नंतर आम्ही उघडून बघितलं.

ते उजाडायच्या आत निघाले होते. गोठ्यातली जुनी पहार घेऊन. गाभण म्हणून घोडीला नेलं नाही. वर जाऊन त्यांनी जाळी साफ केली. अगदी स्वच्छ. बेइशे त्याची पाळी म्हणून दहा वाजता वर पोचला, तेव्हा जाळीवर बर्फाचा कण नव्हता. त्याला वाटलं, नशीब, आज धरलाच नाही. तो शीळ घालत खाली आला. पाऊलखुणा वाऱ्याने बुजल्या होत्या. बाबा नेहमीच्या वाटेने उतरले नव्हते. कुणी भेटू नये म्हणून घळीतून उतरले. तिथे पाय गेला. बेइशे वरून पन्नास पावलांवरून गेला असेल.

अंधाराच्या आत बेइशेने पहार पुढच्या दारी टेकवली. यादीतली पहार जागेवर होती. कुणाला शोधायला जायचं कारण नव्हतं. बायके, त्यांचं नाव यादीत असतं तर बेइशे चार वाजताच कंदील घेऊन निघाला असता. तुमचा नियमच तसा आहे. मी त्यांना त्या नियमातून बाहेर काढलं.

दहा तारखेला सकाळी धूर नव्हता. तेव्हा मी धावले.

घळीत ते बसलेले होते. पाय वाकडा होता. पहार गुडघ्यांवर आडवी, दोन्ही हात तिच्यावर. तोंड गावाकडे. तिथून आपल्या घराचं धुराडं दिसतं. मी त्या जागी बसून बघितलं आहे.

तुम्ही लिहिलं आहे, सगळं लिही. म्हणून लिहिलं. तुमचं फक्त पहिलंच पत्र आलं असतं तरी हे झालं असतं का, दुसरं आलं म्हणून झालं का, हे मी रोज उलटसुलट करते. तुम्ही ते करू नका. दुसरं पत्र मला आवडलं होतं. हात वर करणाऱ्या सगळ्यांना ते आवडलं होतं. त्या दिवशी घरी येताना कालिया म्हणाली होती, किती चांगली बैठक झाली आज.

घोडी कापताना सादिर अकेंनी आणि माझ्या नवऱ्याने धरली. तुमच्या वतीने तंबूबाहेर काठीवर रेलून रडत कुणी उभं राहायचं, यावर वाद झाला. मुलगा नाही, पुतण्या नाही. सादिर अके जाऊन उभे राहिले. आपल्या कुळाचे नाहीत. कुणी हटकलं नाही. तीन दिवस "माझ्या बापा" म्हणून रडले. त्यांना कधी कुणी रडताना बघितलं नव्हतं. पोरं आधी हसायला लागली होती.

पाच जानेवारीला पहार दुसऱ्यांदा फिरून आली. आदल्या संध्याकाळी मी शाळेमागे सगळ्यांना बोलावलं. यादीवरची पेन्सिलीची रेघ खोडली. अक्साकाल म्हणाले, त्या घरात माणूस नाही, धूर मोजायचा कसा? मी म्हटलं, चूल मी रोज पेटवते. ते म्हणाले, दिलेली मुलगी बापाच्या धुरात धरत नाहीत. मी म्हटलं, मग मला थांबवायला कोण येतं ते बघते. सादिर अके मागून म्हणाले, "जाऊ द्या तिला. पाणी लाजलं तर मी बघतो." कुणी हसलं नाही. त्यांनी पहार आणून बाबांच्या दाराशी टेकवली आणि दाराला हात लावून परत गेले.

मी एकटी गेले. तुमचे हातमोजे घालून. मला फार मोठे आहेत.

जाळीवर चार बोटं बर्फ होता. फोडला. पाणी खाली जायला लागलं की टाकीच्या आत एक आवाज होतो, तुम्हाला माहीत आहे. तो ऐकला. अंधाराच्या आत खाली आले. बेइशे आपल्या दारात कंदील पेटवून उभा होता, उजेड असताना. माझ्या हातातून पहार घेतली आणि म्हणाला, "उशीर केलास ताई." उशीर झाला नव्हता.

आता यादी मार्चपर्यंत आहे. मग तुम्ही याल.

कसं यायचं ते सांगते, कारण तिथे तुम्हाला सांगणारं कुणी मोठं नाही. गाडी गावात आणू नका. ड्रायव्हरला वरच्या रस्त्याने टाकीपाशी थांबायला सांगा. तिथे उतरा. घळ उजव्या हाताला आहे. तिथून मोठ्याने रडायला सुरुवात करा आणि रडत रडत खाली या. दारापासून सुरू करायचं नाही. लोक तुमच्या आवाजाची वाट बघत आहेत, अठ्ठावन्न धूर. कुणाला तुम्हाला काही सांगायचं आहे, कुणाला तुमच्याकडून ऐकून घ्यायचं आहे. आधी तुम्ही रडा. भिंतीवर ठोकणारं इथे कुणी नाही.

मी दारात असेन. तोंड धुवायला मी पाणी घालीन. नदीवरून आणणार नाही, आपल्याच नळाचं.

बुरुल